काम मिळवून देणाऱ्याला टक्केवारी द्यावी का, आणि दिली तर ग्राहकाला सांगावी का?

तापीकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. मी गेली नऊ वर्षे जळगावात स्वतंत्रपणे डिझाईनचे काम करतो. डाळमिल, मसालेवाले आणि पापड-शेवया करणारे गृहउद्योग यांच्या पिशव्यांची मांडणी हे माझे मुख्य काम आहे. इतक्या वर्षांत मी एकदाही जाहिरात दिली नाही, कारण प्रत्येक काम कोणाच्या ना कोणाच्या शब्दावर आले. त्या शब्दाची किंमत किती आणि ती कोणाच्या खिशातून द्यायची, हा प्रश्न मी टाळत आलो होतो. गेल्या वर्षी तो अंगाशी आला, म्हणून हा धागा काढत आहे.

घडले ते असे. पिशव्या छापणाऱ्या एका परिचितांनी मला एका डाळमिलचे काम मिळवून दिले. तूर, मूग, उडीद आणि हरभरा अशा चार डाळींच्या १ किलोच्या पिशव्या होत्या आणि माझा मेहनताना ६०,००० रुपये ठरला. काम पक्के झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी परिचितांचा फोन आला, “भाऊ, तुले काम भेटनं, मग मन्हं काय?” त्यांनी १५ टक्के मागितले आणि मी लगेच होकार दिला. ९,००० रुपये गेल्याचे मला तेव्हा वाईटही वाटले नाही, कारण त्यांनी शब्द टाकला नसता तर त्या मिलचे दार माझ्यासाठी कधीच उघडले नसते.

अडचण पुढे आली. या छपाईची माहिती नसलेल्यांसाठी सांगतो की अशा पिशव्या बहुधा ग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापल्या जातात आणि त्यात प्रत्येक रंगासाठी एक स्वतंत्र कोरलेला सिलिंडर लागतो. पारदर्शक फिल्मवर रंग उठावदार दिसावेत म्हणून पांढरा थर द्यावा लागतो, त्याचाही सिलिंडर वेगळाच. म्हणजे मी संगणकावर एक रंग वाढवला की ग्राहकाच्या बिलात एक सिलिंडर वाढतो, आणि चार डाळींच्या चार वेगळ्या पिशव्या असल्या तर तो खर्च चार ठिकाणी वाढतो. माझा पहिला आराखडा पाच रंगांत बसत होता. परिचितांनी तो पाहून सोनेरी रंग आणि हिरव्याची आणखी एक छटा घालायला सांगितले. ती हिरवी छटा आधीच्याच निळ्या-पिवळ्याच्या ठिपक्यांतून व्यवस्थित निघाली असती, हे मला ठाऊक होते आणि त्यांनाही ठाऊक होते. एरवी मी वाद घातला असता. त्या दिवशी मी गप्प बसलो, कारण पुढचे कामही त्यांच्याकडूनच येणार होते.

दोन महिन्यांनी मिलमालकांचा मुलगा बिल घेऊन माझ्याकडे आला. सिलिंडरांच्या यादीवर बोट ठेवून त्याने साधेपणाने विचारले, “दादा, हे दोन रंग वेगळे कशासाठी घेतले?” मी छपाई खुलून दिसते वगैरे काहीतरी सांगितले. त्या उत्तराची मला आजही लाज वाटते.

माझे मत आता असे झाले आहे की काम आणून देणाऱ्याला मोबदला देण्यात गैर काही नाही, पण जो मोबदला आपण ग्राहकाला सांगू शकत नाही तो देऊ नये, कारण तो दिला की आपला सल्ला कोणाच्या बाजूने झुकला आहे हे आपल्यालाही नीट कळेनासे होते. तुम्ही मंडळी काय करता? किती देता, कशावर देता आणि ग्राहकाला सांगता का?

बोरीकाठ (अमळनेर)

तापीकाठ भाऊ, तुमच्या अनुभवाशी माझा अनुभव पुष्कळ जुळतो. मी लग्नाचे छायाचित्रण करतो. आमच्याकडे मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक, मंडप-सजावटवाले, केटरर आणि मेकअप करणाऱ्या ताई असे सगळेच एकमेकांना कामे देतात आणि बहुतेक ठिकाणी १० टक्के हा जणू ठरलेलाच दर आहे. मी तो देतो. मात्र १० टक्के कशाचे, हा प्रश्न मी पहिली तीन वर्षे विचारला नाही आणि त्यात माझे बरेच नुकसान झाले.

हिशेब मांडून दाखवतो. हळद आणि लग्न अशा दोन दिवसांची ऑर्डर ८०,००० रुपयांची आहे असे धरा. दुसऱ्या छायाचित्रकाराचे १०,०००, ड्रोनवाल्याचे ८,०००, अल्बमचे १६,०००, व्हिडिओच्या एडिटिंगचे ८,००० आणि गाडीभाडे, जेवणखाण, किरकोळ मिळून ४,००० असा ४६,००० रुपयांचा खर्च वजा केला की माझ्या हाती ३४,००० उरतात, आणि त्यातच कॅमेऱ्याची झीज आणि माझे पंधरा दिवस आले. पूर्ण ऑर्डरवर १० टक्के दिले तर ८,००० रुपये जातात, म्हणजे माझ्या हाती राहणाऱ्या रकमेतले जवळपास २४ टक्के. ऐकायला १० वाटतात आणि प्रत्यक्षात पाव हिस्सा जातो.

हे ८,००० कुठून तरी भरून काढावे लागतात आणि तिथेच ग्राहकाचे नुकसान होते. एका लग्नात मी दुसऱ्या छायाचित्रकाराऐवजी नवशिक्या मुलाला नेले होते. सप्तपदी चालू असताना मी नवरानवरीवर होतो आणि तो मुलगा मंडपाच्या दाराशी पाहुण्यांचे फोटो काढत बसला. मुलीची आई खांबाला टेकून रडत होती, ते मला कॅमेऱ्याच्या कडेतून दिसत होते, पण तो चेहरा टिपायला माणूसच नव्हता. अल्बम द्यायला गेलो तेव्हा त्या माउलीने पाने दोनदा उलटून पाहिली आणि काही न बोलता अल्बम मिटला.

त्यानंतर मी नियम केला की टक्केवारी फक्त माझ्या मेहनतान्यावर मिळेल. अल्बम, ड्रोन आणि माणसांच्या पैशांवर मिळणार नाही. वरच्या हिशेबात ती ३,४०० रुपये होते. दोन कार्यालयांनी माझे नाव काढून टाकले. तिसऱ्याने मान्य केले आणि ते संबंध अजून टिकून आहेत.

सातपुडा (शहादा)

मी अशी रक्कम कोणालाच देत नाही. आमच्या भागात काम येते ते सोयऱ्याधायऱ्यांकडून. सुरुवातीला एका मामांनी त्यांच्या गावच्या सहकारी संस्थेच्या अहवालाचे काम मला मिळवून दिले होते. मी पाकिटात २,००० रुपये घालून त्यांच्या घरी गेलो आणि चहा झाल्यावर पाकीट पुढे केले. मामा क्षणभर त्या पाकिटाकडे पाहत राहिले, मग उठून गोठ्याकडे निघून गेले ते मी निघेपर्यंत परत आलेच नाहीत. त्यांनी भाच्यासाठी शब्द टाकला होता आणि मी त्याचा भाव केला होता. पुढे त्यांच्या नातीच्या लग्नाची पत्रिका मी करून दिली, तेव्हा कुठे ते पुन्हा मोकळेपणाने बोलू लागले. म्हणून समोरचा माणूस व्यवहार म्हणून काम देतो आहे की आपलेपणाने, हे आधी ओळखावे असे मला वाटते.

पांझरा (धुळे)

आपण सगळे अनुभवी आहात आणि आपले म्हणणे मला पटते. तरीही माझी परिस्थिती मांडतो. मला छायाचित्रणाच्या कामात येऊन दोनच वर्षे झाली आहेत. मामांसारखे शब्द टाकणारे माझ्याकडे कोणी नाहीत. एका कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी मला स्पष्ट सांगितले की त्यांच्या यादीत नाव हवे असेल तर १५ टक्के द्यावे लागतील आणि पार्टीला त्याचा पत्ता लागता कामा नये. मी नाही म्हणालो असतो तर गेल्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपासच्या मुहूर्तांना मी घरीच बसलो असतो. ग्राहकाला सांगावे हे योग्य आहे, पण सांगितले की काम जाते, आणि ज्याच्या कॅमेऱ्याचे हप्ते चालू आहेत त्याने ते कसे सोसायचे?

गिरणामाई (चाळीसगाव)

मी कलाकार नाही. करसल्ल्याचे काम करते आणि माझ्याकडे बरेच छायाचित्रकार व डिझायनर येतात, म्हणून या धाग्यात हिशेबाची बाजू मांडते. पांझरा, तुमच्या प्रश्नाकडेही येते.

पहिली गोष्ट रोखीची. व्यवसायाच्या खर्चापोटी एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली, तर काही मोजके अपवाद वगळता तो खर्च आयकरासाठी धरला जात नाही. म्हणजे कमिशन खिशातून गेलेलेच असते आणि त्यावरचा करही आपणच भरतो. त्याहून लहान रक्कमसुद्धा बँकेतून किंवा यूपीआयने द्यावी आणि समोरच्याकडून बिल किंवा निदान सहीची पावती घ्यावी, कारण नुसत्या वहीतल्या नोंदीवर खर्च सिद्ध करणे फार अवघड जाते. “पावती देत नाही” असे जो म्हणतो तो नेमके काय लपवतो आहे, हेही तेव्हाच कळते.

दुसरी गोष्ट जीएसटीची. सेवा देणाऱ्यांसाठी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीची आहे आणि ती उलाढाल मोजताना दिलेले कमिशन वजा होत नाही. बोरीकाठ भाऊंची ८०,००० ची ऑर्डर ८०,००० चीच मोजली जाते. ज्यांची नोंदणी झाली आहे त्यांनी टक्केवारी जीएसटीपूर्व रकमेवर ठरवावी. १ लाखाच्या कामाचे बिल १८ टक्के कर धरून १,१८,००० चे होते, आणि माझ्या एका अशिलाने कित्येक महिने १,१८,००० वर कमिशन दिले होते. सरकारकडे भरायच्या पैशांवर तो दलाली देत होता.

तिसरी टीडीएसची, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायच्या कराची. कमिशनवरील टीडीएसचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्के झाला आणि एप्रिल २०२५ पासून एका व्यक्तीला वर्षभरात २०,००० रुपयांपर्यंत दिलेल्या कमिशनवर कपात करावी लागत नाही. शिवाय मागच्या वर्षाची उलाढाल व्यवसायात १ कोटी किंवा पेशात ५० लाखांच्या आत असलेल्या एकट्या व्यक्तीवर ही कपात करण्याचे बंधनच नाही. त्यामुळे इथल्या बहुतेकांना त्याची चिंता नसावी.

चौथी गोष्ट कमिशन घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. छोट्या व्यापाऱ्यांना उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा दाखवून सोपा कर भरण्याची जी सवलत आहे, ती कमिशन किंवा दलालीचे उत्पन्न असणाऱ्यांना मिळत नाही. एकमेकांना कामे देऊन दोन-चार हजार घेणाऱ्यांना हे माहीतच नसते.

आता पांझरा, तुमच्याविषयी. व्यवस्थापकाने ते पैसे मालकाला न कळवता घेतले तर तो आणि त्याचा मालक यांच्यातला प्रश्न वेगळा. पण ज्या व्यक्तीला वधू-वराकडच्यांनीच पैसे देऊन सगळ्या लग्नाची व्यवस्था सोपवलेली असते, ती कायद्याच्या नजरेत त्यांची एजंट ठरू शकते. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम २१६ नुसार एजंटाने मालकाला, म्हणजे ज्याने काम सोपवले त्याला, न कळवता त्याच कामात स्वतःच्या खात्यावर व्यवहार केला, तर त्यातून त्याला झालेला लाभ मागण्याचा हक्क मालकाला असतो. न्यायालयात कोणी जाणार नाही, हे मला कळते. तरीही “पार्टीला कळता कामा नये” या वाक्याचा अर्थ आपण समजून घ्यावा, एवढ्यासाठी सांगितले.

केळीबाग (रावेर)

मी जाहिरातींचा मजकूर लिहिते आणि अनुवाद करते. वरची चर्चा वाचताना सारखे वाटत होते की आपण तीन निरनिराळ्या गोष्टींना एकाच नावाने हाक मारतो आहोत. कोणी फक्त माझा फोन नंबर देतो. कोणी माझ्या वतीने बोलून दर ठरवतो आणि पैसे वेळेवर मिळतील याची काळजी घेतो. कोणी काम स्वतःच्या नावावर घेतो, ग्राहकाला तोच जबाबदार असतो आणि माझ्याकडून ते करून घेतो. या तिसऱ्या प्रकारात त्याने ४० टक्के ठेवले तरी माझी तक्रार नाही, कारण दुरुस्त्यांसाठी रात्री दहाला येणारे फोन तो घेतो. नुसता नंबर देणाऱ्याने १५ टक्के मागावेत हे मात्र मला मान्य नाही.

आमच्या घरी शेती आहे. केळी बांधावरूनच जातात, पण वडील टोमॅटो आणि मिरची बाजार समितीत नेत. परत आले की सदऱ्याच्या खिशातून पट्टी काढून आईकडे देत. तीवर मालाचे वजन, भाव, आणि खाली हमाली, तोलाई, अडत असे एकेक कलम लिहिलेले असे. अडतीवरून घरात कायम नाराजी असे, तरी अडत्या नेमके किती घेतो हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक होते, कारण ते कागदावर होते. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असा निर्णय केला, तेव्हा गावोगाव त्यावर वाद झाले. तो वाद होऊ शकला, कारण आकडा पट्टीवर होता आणि सगळ्यांना दिसत होता. आपल्या धंद्यातला आकडा कोणालाच दिसत नाही, त्यामुळे तो १५ वरून २० झाला तरी कोणी हरकत घेत नाही.

डॉक्टरांच्या कट प्रॅक्टिसबद्दल आपण सगळेच संतापाने बोलतो. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणे-घेणे त्यांच्या व्यावसायिक आचारसंहितेत २००२ च्या नियमांनी निषिद्ध ठरवले आहे. आपल्या कामात कोणाचा जीव जात नाही आणि आपल्यावर तसे बंधनही नाही. पण सोनोग्राफी गरजेची होती की नाही हा रुग्णाला पडणारा प्रश्न आणि तापीकाठ भाऊंना त्या मुलाने विचारलेला रंगांचा प्रश्न यांच्यात मला फरक दिसत नाही.

पांझरा भाऊ, तुम्हाला मी लगेच नकार द्या असे सांगणार नाही. सांगणे सोपे आहे आणि हप्ते तुमचे आहेत. एवढे करून पाहा, की त्या कार्यालयातून आलेल्या प्रत्येक ग्राहकाला काम संपल्यावर स्वतःचा नंबर द्या आणि पुढच्या कार्यक्रमाला थेट बोलवायला सांगा. त्या कामावर कोणाचाही वाटा नसेल.

बोरीकाठ (अमळनेर)

केळीबाग ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला पुस्ती जोडतो. टक्केवारी पहिल्या ऑर्डरपुरतीच, हे सुरुवातीलाच बोलून घ्यावे. लग्न ज्यांनी मिळवून दिले त्यांनी पुढे डोहाळेजेवण, बारसे, धाकट्या बहिणीचे लग्न या सगळ्यांवर हक्क सांगितल्याची उदाहरणे माझ्याकडे आहेत. दुसऱ्यांदा बोलावणे येते ते आपल्या कामामुळे. आणि पैसे ग्राहकाकडून पूर्ण जमा झाल्यावरच द्यावेत. मी एकदा ॲडव्हान्समधूनच कमिशन देऊन बसलो आणि अर्धी ऑर्डर रद्द झाली.

पांझरा (धुळे)

ताई आणि भाऊ, आभारी आहे. यंदाच्या हंगामात मला त्या यादीत राहावे लागेल, हे मी लपवत नाही. पण आजपर्यंत मी दरपत्रकात १५ टक्के वाढवून लावत होतो आणि तेच पैसे पुढे देत होतो, म्हणजे ते वधूपित्याच्या खिशातून जात होते. यापुढे दर सर्वांना एकच ठेवीन आणि जे जाईल ते माझ्या मेहनतान्यातून जाऊ देईन. तेवढे आज माझ्या हातात आहे.

तापीकाठ (जळगाव)

सर्वांचे वाचून चार दिवस विचार केला आणि काल त्या छपाईवाल्या परिचितांना जाऊन भेटलो. केळीबाग ताईंनी सांगितलेले तीन प्रकार मनात होते. त्यांना सांगितले की तुम्ही माझी ओळख करून दिलीत, तिचे मोल मी मानतो. पण ज्या कामाची छपाई तुमच्याकडे आहे त्यावर मी टक्केवारी देणार नाही, कारण मग रंग किती घ्यायचे हे मला मोकळेपणाने सांगता येत नाही. छपाई दुसरीकडे असेल तर मेहनतान्याच्या १० टक्के देईन. जीएसटीपूर्व रकमेवर, पहिल्या कामापुरते, पैसे जमा झाल्यावर आणि बँकेतून. तसेच दरपत्रकात खाली एक ओळ असेल: “हे काम अमुक यांच्या ओळखीतून आले असून त्यांना मेहनतान्यातून १० टक्के मोबदला दिला जाईल, त्यामुळे आपला दर वाढलेला नाही.”

त्यांना ते आवडले नाही. “पार्टीला हे कशाला सांगतोस, उद्या ते माझ्याकडेच भाव पाडून मागतील,” असे म्हणाले. चहा न घेताच उठलो. येत्या काळात त्यांच्याकडून कामे येतील असे वाटत नाही, आणि वर्षाला माझी चार-पाच कामे त्यांच्याकडून येत होती, म्हणजे हा तोटा लहान नाही.

तिथून तसाच एमआयडीसीत डाळमिलवर गेलो. मुलगा गोदामात पोती मोजत होता. त्याला बाहेर बोलावून त्या दोन रंगांचे खरे कारण सांगितले आणि ९,००० रुपयांचेही सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. आत जाऊन मूगडाळीची एक रिकामी पिशवी घेऊन आला, उजेडात धरून त्याने ती हिरवी पट्टी पाहिली आणि विचारले की ही छटा खरोखरच पाच रंगांत निघेल का. निघेल, म्हणालो. मूगडाळीच्या पिशवीवर वजनाच्या शेजारी नवा मजकूर घालायचा असल्यामुळे काही सिलिंडर तसेही नव्याने करायचे आहेत, असे त्याने सांगितले. आराखडा मी पैसे न घेता करून देणार आहे. सोमवारी पाच रंगांचा नमुना घेऊन जायचे आहे, आणि छपाईचे दर या वेळी तो स्वतः तीन ठिकाणांहून मागवणार आहे.